सरकारची दवंडी, पक्षाची घोषणा : अंबाजोगाईचे प्रमोद महाजन

प्रमोद महाजन यांचे नाव निघाले की मराठी माणसाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक म्हणजे 2004 सालची ‘इंडिया शायनिंग’ ही घोषणा, आणि दुसरी म्हणजे 2006 च्या उन्हाळ्यात वरळीच्या राहत्या घरी सख्ख्या भावाने झाडलेल्या गोळ्या. दुसरी गोष्ट एका घराची शोकांतिका होती. न्यायालयाने तिचा निकाल दिला आणि ती संपली. पहिली गोष्ट मात्र संपलेली नाही. जनतेच्या पैशातून सरकारने स्वतःचे कौतुक कुठवर करावे आणि निवडणूक तोंडावर आली की त्या कौतुकाला कोणी, कोणत्या दिवसापासून लगाम घालावा, हा तो प्रश्न. बीड जिल्ह्यातून निघून दिल्लीच्या सत्तावर्तुळात पोहोचलेल्या या माणसाच्या आयुष्याला तो तीन वेळा येऊन भिडला : एकदा कैदी म्हणून, एकदा मंत्री म्हणून आणि एकदा प्रचारप्रमुख म्हणून.

महाजन यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1949 चा, महबूबनगरचा. आज ते गाव तेलंगणात आहे. त्या वेळी महबूबनगर आणि बीड हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद संस्थानातले. संस्थान भारतात विलीन होऊन जेमतेम वर्ष झाले होते. वडील व्यंकटेश महाजन शिक्षक. पुढे कुटुंब अंबाजोगाईला आले. योगेश्वरीचे हे गाव मुकुंदराज आणि दासोपंतांचे. निजामाच्या दफ्तरात त्याचे नाव मोमिनाबाद होते. स्वामी रामानंद तीर्थांनी याच गावच्या शाळेत मुख्याध्यापकी केली आणि पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले. त्यामुळे सरकारविरुद्ध बोलण्याची परंपरा अंबाजोगाईला नवी नव्हती. सभा, व्याख्याने, नाटके यांनी गजबजलेल्या या गावात महाजन वाढले, रंगमंचावर वावरले आणि शब्दांची फेक शिकले. महाविद्यालयात परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे भेटले. त्या मैत्रीचे पुढे नाते झाले. महाजनांची बहीण मुंडे यांच्या घरी गेली. मराठवाड्यातल्या भारतीय जनता पक्षाचा इतिहास सांगायचा तर या दोघांना वेगळे काढता येत नाही.

तरुणपणीच वडिलांचे छत्र हरपले. मागे धाकटी भावंडे होती. महाजनांनी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचे शिक्षण घेतले, ‘तरुण भारत’मध्ये उपसंपादकी केली आणि 1971 ते 1974 या काळात अंबाजोगाईच्या खोलेश्वर विद्यालयात इंग्रजी शिकवले. बातमी कशी बसवायची आणि समोरच्या पोरांचे लक्ष कसे बांधून ठेवायचे, या दोन्ही विद्या त्यांना पुढे आयुष्यभर पुरल्या. नंतर ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पूर्णवेळ काम करू लागले.

12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी रायबरेलीतून 1971 साली झालेली इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली. हा निकाल ज्या मुद्द्यांवर उभा होता ते आज वाचताना किरकोळ वाटतील. सरकारी सेवेतल्या यशपाल कपूर यांची प्रचारात मदत घेतली हा एक मुद्दा. दुसरा असा की उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांनी सभांसाठी व्यासपीठे उभारून दिली आणि ध्वनिक्षेपकांना वीज पुरवली. म्हणजे उमेदवाराचा आवाज मतदारांपर्यंत पोहोचवण्यासाठी सरकारी हात लागला. एवढ्याने पंतप्रधानांची खासदारकी जावी काय, यावर तेव्हा वाद झाला आणि अजूनही होतो. पण तत्त्व सरळ होते. गावात दवंडी पिटणारा सरकारचा हुकूम सांगतो. तहसीलचे पैसे घेऊन त्याने एका उमेदवाराचे नाव पुकारायचे नसते. निकालानंतर तेरा दिवसांनी देशात आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये संसदेने निवडणूक कायदाच मागील तारखेपासून बदलला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवड वैध ठरवली. आणीबाणीविरोधी आंदोलनात उतरलेले महाजन नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहात गेले.

तुरुंगाबाहेर तेव्हा आकाशवाणी एकाच सुरात बोलत होती. चार वृत्तसंस्थांची एकच ‘समाचार’ झाली होती. सरकारी जाहिराती वाटताना वर्तमानपत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी केली जात होती. जनता पक्षाच्या सरकारने ऑगस्ट 1977 मध्ये प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली, तीत हे सगळे नोंदवलेले आहे. त्या सरकारमध्ये माहिती व नभोवाणी खाते लालकृष्ण अडवाणी यांच्याकडे होते. 1977 सालापासूनच आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना निवडणुकीच्या वेळी बोलण्यासाठी मोफत वेळ मिळू लागला. दोन वर्षांनी, 1979 मध्ये, निवडणूक आयोगाने आदर्श आचारसंहितेत सत्ताधारी पक्षासाठी स्वतंत्र भाग घातला. सरकारी खर्चाने वर्तमानपत्रांत वा अन्य माध्यमांत जाहिराती देणे, सरकारी प्रसारमाध्यमे पक्षाच्या बाजूने राबवणे आणि कामगिरीचा डंका पिटणे हे निवडणूक काळात कटाक्षाने टाळावे, असे त्यात नमूद झाले. ज्यांना तुरुंगवास घडला त्यांच्या अनुभवातून उतरलेले हे कलम होते. ते कायदा मात्र झाले नाही. आचारसंहितेला आजही स्वतंत्र कायद्याचे बळ नाही; आयोगाच्या अधिकारावर आणि पक्षांच्या संमतीवर ती चालते.

पुढची वीस वर्षे महाजनांनी पक्ष बांधण्यात घालवली. त्यांचा प्रवास निवडणुका जिंकून वर गेलेल्या पुढाऱ्याचा नाही, ही त्यांच्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट. 1984 साली ईशान्य मुंबईतून ते लोकसभेला पडले. 1986 मध्ये राज्यसभेत गेले. भारतीय जनता युवा मोर्चाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. 1989 च्या सुमारास शिवसेनेशी युती जुळवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. बाळासाहेब ठाकरे यांच्याशी त्यांनी जोडलेले संबंध अखेरपर्यंत टिकले. सप्टेंबर 1990 मध्ये सोमनाथहून निघालेली अडवाणींची रथयात्रा प्रत्यक्षात आखली ती त्यांनी. मोटारीला रथाचे रूप देण्याची कल्पना त्यांची. त्या यात्रेने देशात केवढी दुही पेटवली हे सर्वविदित आहे. पण संपर्काचे तंत्र म्हणून पाहिले तर वर्तमानपत्रे आणि व्हिडिओच्या काळात चालते-फिरते दृश्य उभे करण्याची ती करामत होती. तिचा खर्च पक्षाचा होता आणि जबाबदारीही पक्षाचीच. 1996 मध्ये ते ईशान्य मुंबईतून निवडून आले आणि वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. 1998 मध्ये त्याच मतदारसंघात गुरुदास कामत यांच्याकडून हरले. लोकसभेची एकच निवडणूक जिंकलेल्या या माणसाने दुसऱ्यांच्या निवडणुका मात्र शेकड्यांनी लढवल्या.

डिसेंबर 1998 मध्ये वाजपेयींनी त्यांना माहिती व नभोवाणी खाते दिले. आणीबाणीत ज्या खात्याने मुस्कटदाबी केली, त्या खात्याच्या खुर्चीवर आणीबाणीतला कैदी बसला. एप्रिल 1999 मध्ये सरकार एका मताने कोसळले आणि ऑक्टोबरपर्यंत काळजीवाहू राहिले. याच मधल्या महिन्यांत कारगिलचे युद्ध झाले, आणि सप्टेंबरपासून मतदान. घराघरात दूरदर्शनवर युद्ध दिसत होते. पाकिस्तान टेलिव्हिजन केबलवर दाखवायला जूनमध्ये महाजनांच्या खात्याने बंदी घातली. प्रसार भारती कागदोपत्री स्वायत्त झाली होती; तिचा पैसा मात्र खात्यातूनच येत होता. युद्धाची बातमी कुठे संपते आणि सरकारची प्रसिद्धी कुठे सुरू होते, हे अशा वेळी सांगणे अवघड, आणि ज्याच्या हाती खाते असते त्याला ते सांगण्याची घाईही नसते. निवडणूक आयोगाने त्या वर्षी राजकीय पक्षांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींना मनाई केली. केबलच्या 1994 च्या नियमांतही राजकीय जाहिरातीला मज्जाव होताच. पक्षाला पैसे मोजूनही दूरचित्रवाणीवर बोलता येत नाही आणि सरकारला मात्र येते, अशी ही व्यवस्था होती. तिचे पुढे काय होऊ शकते, हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

नंतरच्या सरकारात महाजन संसदीय कामकाज आणि माहिती तंत्रज्ञान ही खाती पाहत होते. संगणकी व्यवहारांना कायदेशीर पाया देणारा 2000 चा माहिती तंत्रज्ञान कायदा त्यांच्याच काळातला. दूरसंचार खातेही त्यांच्याकडे आले, आणि त्यातल्या निर्णयांवरून एका बड्या उद्योगसमूहाला झुकते माप दिल्याची टीकाही आली. जानेवारी 2003 मध्ये मंत्रिपद सोडून ते पक्षाचे सरचिटणीस झाले. त्या वर्षअखेर राजस्थान, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये भाजप जिंकला. राजस्थानची सूत्रे महाजनांकडे होती. लोकसभेची निवडणूक काही महिने आधीच घ्यावी, असे पक्षाने ठरवले.

‘इंडिया शायनिंग’ ही मोहीम महाजनांनी जन्माला घातली, असे सरसकट लिहिले जाते. ते बरोबर नाही. मोहीम केंद्रीय अर्थ मंत्रालयाची होती, जसवंतसिंह तेव्हा अर्थमंत्री होते आणि जाहिराती ‘ग्रे वर्ल्डवाइड’ या संस्थेने केल्या. गुंतवणूकदारांपुढे आणि नागरिकांपुढे अर्थव्यवस्थेचे उजळ चित्र ठेवणे, असा तिचा कागदावरचा हेतू. जाहिरातींत पक्षाचे चिन्ह नव्हते, मत मागितलेले नव्हते. हसरे चेहरे, पिवळी-केशरी उन्हे आणि एक वाक्य. हिंदीत तिला ‘भारत उदय’ म्हटले गेले. डिसेंबर 2003 आणि जानेवारी 2004 या दोन महिन्यांत या जाहिराती दूरचित्रवाणीवर नऊ हजारांहून अधिक वेळा दाखवल्या गेल्या. कोट्यवधींचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला. त्याच काळात कोणताही विरोधी पक्ष पदरचे पैसे घालूनही दूरचित्रवाणीवर उत्तर देऊ शकत नव्हता.

6 फेब्रुवारी 2004 रोजी लोकसभा विसर्जित झाली. निवडणुकीची घोषणा झाली 29 फेब्रुवारीला. 2018 पर्यंत मुदतपूर्व विसर्जन झाले तरी आचारसंहिता घोषणेच्या दिवसापासूनच लागू होत असे, विसर्जनाच्या नव्हे. निवडणूक येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना, आचारसंहितेच्या दृष्टीने मात्र ती आलेली नव्हती, असा हा मधला काळ. निवडणूक आयोगाने मतदान होईपर्यंत ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिरातींना बंदी घातली. पण तोवर शब्द घरोघर पोहोचले होते, आणि शब्द काही परत मागवता येत नाहीत. 10 मार्चला अडवाणी कन्याकुमारीहून यात्रेला निघाले, तिचे नाव ‘भारत उदय यात्रा’. जनतेच्या पैशाने रुजलेले नाव पक्षाने उचलून आपल्या रथावर रंगवले. महाजनांचा खरा संबंध येतो तो इथे. प्रचाराची धुरा त्यांच्याकडे होती, आणि सरकारची मोहीम जिथे थांबवावी लागली तिथून पक्षाची मोहीम त्याच घोषणेवर पुढे चालली. नियमभंग शोधायचा तर हाती फारसे लागत नाही. सरकारने घोषणेआधी जाहिरात केली, पक्षाने घोषणेनंतर प्रचार केला. दोहोंचे शब्द सारखे, एवढेच. दवंडीवाला निघून गेला, आणि त्याच चालीवर उमेदवाराचा ताशा सुरू झाला. व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपकाची वीज यांवरून एका पंतप्रधानांची निवड रद्द झाली होती. त्याच्या कैक पटींनी मोठी ही गोष्ट कोणत्याही कलमात बसली नाही.

या प्रचारात महाजनांनी आणखी एक नवे केले. मतदाराच्या घरचा फोन वाजे आणि उचलला की वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज येई. मोबाइलवर संदेशही जात. हा उद्योग पक्षाचा होता.

बीडमध्ये त्या वर्षी काय झाले? हा जिल्हा ऊसतोड मजुरांचा. दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, धारूर, केज भागातून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. उदय झाल्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर फिरत होती ते दोन महिने या कुटुंबांनी उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत काढलेले. मुंडे-महाजनांच्या या जिल्ह्यातली लोकसभेची जागा 1998 आणि 1999 मध्ये भाजपकडे होती. तिथले खासदार जयसिंगराव गायकवाड राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले, आणि 2004 मध्ये त्या पक्षाकडून पुन्हा निवडून आले. म्हणजे बीडही गेले. तेव्हापासून एक सोपे स्पष्टीकरण रूढ झाले : चकाकी शहरात होती, खेडे अंधारात होते, खेड्याने सूड घेतला. ते अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रात एकूण भाजप-शिवसेनेला 48 पैकी 25 जागा मिळाल्या, आणि जिथे चकाकी असायला हवी त्या मुंबईत मात्र भाजपला एकही जागा मिळाली नाही. राम नाईक, किरीट सोमय्या, जयवंतीबेन मेहता सगळे पडले. शहरातल्या मतदारालाही जाहिरातीतला देश आपल्या खिडकीतून दिसत नव्हता, असेच म्हणावे लागते.

13 मे रोजी निकाल लागला. काँग्रेस 145, भाजप 138. महाजनांनी पराभवाची जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की घोषणा बनवणारे, मंजूर करणारे आणि तिच्यावर खूश होणारे पुष्कळ होते, पण हार झाल्यावर पुढे येऊन ती स्वीकारणारे थोडे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र विधानसभाही हातून गेली. तरी पक्षात त्यांचे वजन उतरले नाही. डिसेंबर 2005 मध्ये मुंबईत पक्षाच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनात वाजपेयींनी निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्यांनी अडवाणींना राम आणि महाजनांना लक्ष्मण म्हणून पुढे केले. चार महिन्यांनी, 22 एप्रिल 2006 रोजी, धाकटे भाऊ प्रवीण यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हिंदुजा रुग्णालयात बारा दिवस झुंज देऊन 3 मे रोजी त्यांचे निधन झाले. वय 56. प्रवीण यांना 2007 मध्ये जन्मठेप झाली आणि 2010 मध्ये तेही गेले.

सरकारी जाहिरातींचा वाद मात्र न्यायालयात चालूच होता. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने 2003 मध्ये आणि ‘सेंटर फॉर पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन’ने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. दरम्यान सत्ता बदलली. काँग्रेसप्रणीत सरकारने 2013 च्या सुमारास ‘भारत निर्माण’च्या जाहिरातींचा तसाच मारा केला, आणि पुढच्या निवडणुकीत तेही पडले. 2014 मध्ये न्यायालयाने माधव मेनन यांच्यासह तिघांची समिती नेमली. सरकारी जाहिरात वस्तुनिष्ठ असावी, तिने पक्षाचे वा व्यक्तीचे उदात्तीकरण करू नये, असे या समितीने सुचवले. निवडणुकीच्या तोंडावर अशा जाहिरातींना आवर घालावा, असेही सुचवले. 13 मे 2015 रोजी निकाल आला, योगायोगाने 2004 च्या निकालाच्याच तारखेला. न्यायालयाने बहुतेक शिफारशी उचलल्या, छायाचित्रांवर बंधने आणली (ती पुढच्या वर्षी सैल झाली), देखरेखीसाठी त्रिसदस्य मंडळ नेमायला सांगितले. पण निवडणुकीपूर्वीच्या वेगळ्या बंदीची शिफारस काही स्वीकारली नाही. जाहिरात निकषांत बसत असेल तर तशा बंदीची गरज नाही, असा त्याचा रोख होता. 6 फेब्रुवारी ते 29 फेब्रुवारीमधली ती फट त्यामुळे त्या वेळी तशीच राहिली.

मार्च 2024 मध्ये तिचे पुन्हा दर्शन घडले. लोकसभा निवडणुकीची घोषणा 16 मार्चला झाली, आणि त्यानंतरही लोकांच्या व्हॉट्सॲपवर ‘विकसित भारत’चा सरकारी संदेश येत राहिला. तक्रारी गेल्यावर 21 मार्चला आयोगाने माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला, म्हणजे एकेकाळी महाजनांनी सांभाळलेल्या त्याच खात्याला, हे संदेश ताबडतोब थांबवायला सांगितले. मंत्रालयाचे उत्तर असे होते की संदेश आचारसंहिता लागण्यापूर्वीच पाठवले गेले होते. काही लोकांपर्यंत ते जाळ्यातल्या अडचणींमुळे उशिरा पोहोचले.